न दाखवलेली अटक

ती घटना मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. निवृत्त पोलीस चार माणसांत बसला की केसेस सांगतोच, मीही सांगतो. घाटातला दरोडा, एक्स्प्रेस वेवरचा पाठलाग, सगळं तिखटमीठ लावून सांगतो आणि लोक कान देऊन ऐकतात. ही केस ओठांवर आली की मात्र मी विषय बदलतो. आता वय झालं, गुडघे कुरकुरतात, सांगून टाकलेलं बरं. कुणाचंही नाव घेणार नाही.

तेव्हा मी घाटमाथ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. शनिवार-रविवारी आमचं ठाणं म्हणजे नुसती ट्रॅफिक चौकी. पर्यटकांच्या गाड्या, पॉइंटवरच्या मारामाऱ्या, हॉटेलवाल्यांच्या तक्रारी. रविवारी संध्याकाळी मुंबईची माणसं परत निघाली की मग बंगल्यांच्या चोऱ्या नोंदवल्या जायच्या. पडदे गेले, नळ गेले, टीव्ही गेला. त्या रविवारी आलेली फिर्याद मात्र सोन्याची होती.

खंडाळ्यातल्या एका बंगल्याच्या मालकीणबाई आल्या होत्या. साठीच्या, बोलायला नीट, पण हादरलेल्या. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या बंगल्यावर नातीचा साखरपुडा झाला होता. गडबडीत दागिन्यांचा डबा कपाटातच राहिला. आता येऊन बघतात तर कपाटाला कुलूप तसंच, डबा गायब. पाटल्या, कुड्या आणि एक जुनी मोहनमाळ. मोहनमाळ म्हणजे सोन्याच्या बारीक मण्यांची माळ, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं सगळं त्या मण्यांवरूनच बिघडलं.

बंगल्याची किल्ली राखणदाराकडे असायची. हा माणूस चाळिशीचा, कामशेतजवळच्या वडिवळ्याचा, अकरा वर्षं त्याच बंगल्यावर. बाग बघायचा, पाणी सोडायचा, मालक आले की बायकोला बोलावून भाकरी-पिठलं करून घालायचा. मालकीणबाई म्हणाल्या, "त्याच्यावर संशय घ्यायला जीव होत नाही हो." जीव होत नाही म्हणणाऱ्यांचाच संशय आम्ही आधी लिहून घेतो. आमची सवयच ती.

सोमवारी सकाळी खबर आली. आमचा एक खबऱ्या होता, बाजारात फिरणारा. तो म्हणाला, "साहेब, त्या बंगल्याचा राखणदार शनिवारी कामशेतला सराफाच्या दुकानात बघितला मी. काय तरी कागदात गुंडाळून खिशात घातलं त्यानं." मी लगेच डीबीच्या पथकाला पाठवलं. डीबी म्हणजे तपास पथक, ठाण्यातली साध्या वेशातली मंडळी. साडेदहाला त्याला उचलून आणलं. अंगझडती घेतली तर शर्टाच्या आतल्या खिशात, गुलाबी कागदात, ज्वारीच्या दाण्याएवढा सोन्याचा एक मणी.

आमच्या जुन्या हवालदाराने तो तळहातावर धरून माझ्याकडे बघितलं. दोघांच्याही मनात मोहनमाळच आली.

मालकीणबाईंना बोलावून मणी दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "असेच होते. पण हाच का, ते कसं सांगू?" आम्ही 'असेच होते' एवढं धरलं आणि पुढचं सोडून दिलं. हवालदार कामशेतला सराफाकडे जाऊन आला. सराफ म्हणाला, असा कुणी माणूस आलाच नाही माझ्याकडे. झालं. राखणदार म्हणतोय सराफाकडून घेतला, सराफ म्हणतोय आलाच नाही, म्हणजे राखणदार खोटा. सराफ लोक पोलिसांना किती घाबरतात हे मला काय माहीत नव्हतं? चोरीचा माल घेतला म्हणून पोलीस दुकानातलं सोनं उचलून नेतील, या धसक्यानं ते सख्ख्या भावालाही ओळख देत नाहीत. मला ते पक्कं माहीत होतं. पण त्या दिवशी सोयीचं नव्हतं म्हणून आठवलं नाही.

"मणी कुणाचा?" मी पुन्हा विचारलं.

"माजाच हाय, सायेब. सराफाकडनं घेतला."

"कशाला घेतला?"

तो गप्प. मान खाली.

"बायकोला? पोरीला? एकच मणी कोण विकत घेतं रे?"

तरी गप्प. हवालदाराने एक थप्पड लावली. मी खिडकीबाहेर बघत होतो, म्हणजे बघत नव्हतो असं दाखवत होतो. थोड्या वेळानं तो एवढंच म्हणाला, "सायेब, आबा लय आजारी हायेत. मला घरी जाऊ द्या. उद्या येतो मी, शब्द देतो." आबा म्हणजे त्याचा बाप.

पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलो होतो, की निर्दोष माणूस बडबडतो आणि चोर गप्प बसतो. या ज्ञानाचा मला मोठा गर्व होता. नवीन पोरांना मी ते ट्रेनिंग दिल्यासारखं सांगायचो.

एक गोष्ट मात्र तो बोलला होता. मणी सापडायच्या आधी, अगदी पहिल्या तासात. बंगल्यावर मधल्या दिवसांत कोण कोण आलं, असं विचारलं तेव्हा म्हणाला, "पान्याची टाकी धुवायला दोघं आलते. एकजण गच्चीवर गेला तो लय येळ खाली आला न्हाई. मी हाका मारल्या." हवालदार म्हणाला, "दुसऱ्यावर ढकलू नकोस." विषय तिथंच संपला. कुणी ते लिहून घेतलं नाही. लिहिणार कशावर? तो तर कागदावर ठाण्यात आलेलाच नव्हता.

हे नीट सांगायला हवं. आम्हा पोलिसांच्या बोलण्यात अटक करणं वेगळं आणि अटक दाखवणं वेगळं. माणूस सोमवारी आणायचा, डीबीच्या खोलीत बाकावर बसवून ठेवायचा, आणि त्याच्याकडून काही निघालं की मग कागदावर अटक दाखवायची. राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात स्वच्छ लिहिलंय, की अटक केलेल्या माणसाला अटकेचं कारण सांगायचं, त्याच्या वकिलाला भेटू द्यायचं आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. ट्रेनिंगला हे आमच्याकडून घोकून घेतात. पण चोवीस तास मोजायचे कुठून? तर आम्ही दाखवू तिथून. स्टेशन डायरीत नोंद नाही, तोवर घड्याळ चालूच होत नाही. 'बसवून ठेवलाय' असं म्हणायचो आम्ही, पाहुणा आल्यासारखं. त्यात आपण काही गुन्हा करतोय असं मला एकदाही वाटलं नव्हतं. मणीही पंचनामा न करता माझ्या टेबलाच्या खणात ठेवून दिला. अटक दाखवू त्या दिवशी पंचनामा करू, म्हटलं.

सोमवारी दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. कामशेतवरून वडापच्या खच्चून भरलेल्या जीपने आलेली, घामाघूम. फाटकातच उभी राहून म्हणाली, "सायेब, त्यास्नी कशापायी धरलंय?"

"धरलेलं नाही ताई. अटक नाही काही. चौकशी चालू आहे. मोकळाच आहे तो, झालं की येईल घरी."

"घरी असंच सांगू का?"

"सांगा की."

बाई जरा हलकी होऊन गेली. मलाही आपण गोड बोललो याचं समाधान वाटलं.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास एक वकीलबाई आल्या. तिशीच्या, सुदुंबऱ्याच्या, स्कूटीवरून आलेल्या. वडगावच्या कोर्टात वकिली करायच्या आणि विधी सेवेमार्फत गरिबांच्या केसेस फुकट चालवायच्या. राखणदाराची बायको सकाळी कोर्टाच्या आवारात रडत उभी होती, तिला कुणीतरी यांच्याकडे आणून सोडलं होतं.

"सर, माझा अशील इथं आहे. मला त्याला भेटायचंय."

"इथं कुणी अटकेत नाही."

"डीबीच्या खोलीत बाकावर बसलाय. निळा शर्ट. मी आत्ता दारातून बघितला."

"तो चौकशीला आलाय. स्वतःहून."

"स्वतःहून आलाय ना? मग माझ्याबरोबर स्वतःहून जाईल. बोलवा त्याला."

मला हसू आलं, पण ते रागाचं होतं. "बाई, चौकशी पूर्ण होऊ द्या."

त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच, आवाज न चढवता म्हणाल्या, "सर, माणूस एकतर मोकळा असतो नाहीतर अटकेत असतो. मोकळा असेल तर तो आत्ता उठून चालायला लागेल आणि तुम्ही त्याला अडवणार नाही. अटकेत असेल तर कारण लेखी द्या, मला भेटू द्या आणि चोवीस तास काल सकाळी साडेदहापासून मोजा, ते आज साडेदहालाच संपलेत. याच्या मधली तिसरी जागा घटनेत नाही."

"घटना आम्हालाही येते. घटनेनं चोर सापडत नाहीत."

"तो गप्प आहे म्हणून तुम्ही त्याला चोर म्हणताय, असं त्याच्या बायकोनं ऐकलंय. गप्प बसायचा हक्कही त्याला घटनेनंच दिलाय, विसाव्या अनुच्छेदात. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणावर करता येत नाही. आणि सर, हे सगळं राहू द्या. त्याचे वडील फार आजारी आहेत. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. त्याला आज घरी जाऊ द्या. उद्या सकाळी दहाला मी त्याला घेऊन येते. लिहून देते तुम्हाला."

तेव्हा मी जे बोललो ते आजही कानात आहे. मी म्हणालो, "वकीलबाई, आमच्याकडे माणूस आला की सगळ्यांचेच बाप आजारी पडतात."

खोलीतले दोघं-तिघं हसले. वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी अर्ज लिहून ठाणे अंमलदारापुढं ठेवला. मी डोळ्यांनी खूण केली तशी त्यानं तो घ्यायला टाळाटाळ केली. मग त्यांनी अर्जाचा मोबाईलवर फोटो काढला, तिथंच उभं राहून ठाण्याच्या मेलवर पाठवला, आणि किती वाजले ते मला विचारलं. मी सांगितलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात बघून अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, चार वाजून वीस मिनिटं. कोर्टाचं कामकाज त्या दिवशीचं संपत आलं होतं. घाटमाथ्यावरून वडगावला पोचेपर्यंत मॅजिस्ट्रेट उठले असते. ते मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

बुधवारी सकाळी आठ वाजता हजेरीच्या वेळी फाटकाशी राखणदाराची बायको दिसली. या वेळी हातात डबा नव्हता.

"सायेब, आबा गेलं. पाटंच गेलं. सोडा आता त्यास्नी. एकुलतं एक पोरगं हाय. पानी कोन पाजनार, अग्नी कोन देनार?"

मी थांबलो, नाही असं नाही. पण याच फाटकाशी 'मेलं' म्हणून सांगितलेली किती माणसं नंतर बाजारात फिरताना आम्ही बघितली होती. शिवाय हवालदार आदल्या संध्याकाळी म्हणाला होता, की साहेब, आज तो ढिला पडलाय, उद्या दुपारपर्यंत बोलतो की नाही बघा. आणि तिसरी अडचण अशी, की मी त्याला अंत्यविधीला पाठवू तरी कसा? अटक दाखवलेली असती तर कोर्टाची परवानगी घेऊन, दोन शिपाई बरोबर देऊन पाठवता आला असता. कागदावर तो नव्हताच. जो नाही त्याला परवानगी कोण देणार? सरळ 'जा घरी' म्हणायचं एवढं सोपं काम होतं, पण तसं म्हटलं तर दोन दिवसांची मेहनत पाण्यात जाणार होती.

"दुपारपर्यंत बघू," मी म्हणालो.

ती वळून गेली. ती रडली असती तर कदाचित मी थांबवलं असतं तिला. आत तिच्या नवऱ्याला आम्ही काहीच सांगितलं नाही.

कोर्ट उघडल्या उघडल्या वकीलबाईंनी अर्ज दिला, की माझा अशील बेकायदा डांबून ठेवलेला आहे, त्याला हजर करायला लावा. साडेअकराला आदेश आला. त्या इसमाला आजच एक वाजता हजर करा, स्टेशन डायरी आणा, आणि ठाण्याच्या कॅमेऱ्याचं सोमवारपासूनचं चित्रण जपून ठेवा. आमची पळापळ झाली. घाईघाईनं अटक दाखवली, आदेशाच्या आधीची वेळ घालून, बुधवारी सकाळी अकरा वाजता. मीच सांगितलं, मीच सही केली.

वडगावच्या कोर्टात आम्ही एकला पोचलो. जीपमधून उतरताना त्याची बायको पुढं आली आणि तिनं त्याला सांगितलं. एकाच वाक्यात सांगितलं. तो माणूस मोठ्यानं रडला नाही. जीपच्या दाराला धरून तसाच उभा राहिला आणि शिपायाला म्हणाला, "जरा थांबा हं भाऊ."

आत मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मला विचारलं, "अटक कधी केली?"

"आज सकाळी अकरा वाजता, सर."

वकीलबाई उठल्या. त्यांनी मोठं भाषण केलं नाही. आदल्या दिवशीचा मेल दाखवला, त्यावरची वेळ दाखवली. म्हणाल्या, "सर, माझी मागणी एवढीच आहे की याला आधी मोकळं करा, कारण याच्या वडिलांचं प्रेत घरी आहे. चोरीचा तपास पोलिसांनी जरूर करावा. कायद्यानं करावा. एकविसावा अनुच्छेद म्हणतो की कुणाचंही स्वातंत्र्य कायद्यानं घालून दिलेल्या पद्धतीशिवाय काढून घेता येत नाही. इथं पद्धत तर सोडाच, नोंदसुद्धा नाही." मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो चौकशीला येत-जात होता, मध्ये घरी गेला होता, वगैरे. अशी उत्तरं आम्हाला तोंडपाठ असतात.

तेवढ्यात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी राखणदाराला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

तो हात जोडून म्हणाला, "सायेब, माजा मणी द्यायला सांगा."

"कसला मणी?"

"सोन्याचा. सायबांनी काडून घेतलाय. म्हाताऱ्याच्या तोंडात घालायचा हाय."

आमच्याकडे माणूस जाताना त्याच्या मुखात तुळशीचं पान, गंगेचं पाणी आणि सोन्याचा कण घालतात. मावळातलं कुठलंही घर घ्या. माझ्या वडिलांच्या वेळी मी स्वतः घातला होता.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी हळू आवाजात विचारलं, "हे तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं?"

"आबा जित्ते व्हते तवा, सायेब. डाक्टर म्हनले दोन-तीन दिस काडतील, म्हनून घेऊन ठिवला. जित्त्या बापाच्या मरणाचं सामान घेतलंय, असं कसं तोंडानं बोलू? घरात बी कुनाला सांगितलं न्हवतं."

साहेब माझ्याकडे वळले. "मणी जप्त केलाय?"

मी हातातल्या कागदांकडे बघितलं.

"पंचनाम्यात मणी नाही. तुम्ही घेतला की नाही?"

"घेतला, सर."

"कधी?"

मला कुणी मारलं नव्हतं. बाकावर बसवून ठेवलं नव्हतं. बाहेर माझी जीप उभी होती, अंगावर वर्दी होती. नुसता एक शब्दाचा प्रश्न विचारला होता. 'आज सकाळी' म्हणायला जीभ तयार होती. पण तो माणूस माझ्याकडे बघत होता, रागानं नाही, मणी मिळेल या आशेनं बघत होता.

"सोमवारी, सर," मी म्हणालो.

हवालदाराने डोळे मिटून घेतले. सरकारी वकिलांनी कागद खाली ठेवले. नोकरीत मी शेकडो कबुल्या घेतल्या, पण कबुली द्यायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. अटक बेकायदा ठरवली, त्याला तिथंच मोकळं केलं, माझ्याकडून लेखी खुलासा मागवला आणि मणी ताबडतोब परत करायला सांगितलं.

वकीलबाई त्याला स्कूटीवर बसवून वडिवळ्याला घेऊन गेल्या. मी जीप घाटमाथ्यावर परत पिटाळली, खणातून तो गुलाबी कागद घेतला आणि उलटा फिरलो. ड्रायव्हरला नाही घेतला, एकटाच गेलो. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं, मालगाडी जाता जाईना.

पोचलो तेव्हा नदीकाठी चिता पेटलेली होती. लोक मागं सरून उभे होते. राखणदार ओल्या पंच्यात, उघड्या अंगानं उभा होता. मी जवळ जाऊन कागद पुढं केला. त्यानं तो उलगडला, मणी बघितला आणि मला साधेपणानं विचारलं, "आता कुटं घालू, सायेब?"

शेजारचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ऱ्हाऊ दे. राख सावडायच्या दिवशी टाकू." मागून कळलं, की त्याच्या बायकोनं आपल्या मंगळसूत्रातला सोन्याचा एक मणी तोडून सासऱ्याच्या तोंडात घातला होता. नवरा धडधाकट असताना मंगळसूत्र तोडायचं, म्हणून बायका नको नको म्हणत होत्या. ती म्हणाली, नवरा हाय कुटं? मला असं सांगितलं गेलं. कुणीतरी मुद्दाम ऐकवलं असेल. ऐकवायलाच हवं होतं.

चोरीचं पुढं काय झालं, तेही सांगतो. तेरावा झाल्यावर मी रीतसर लेखी नोटीस पाठवली आणि साक्षीदार म्हणून त्याचा जबाब घ्यायला त्याच्याच घरी गेलो. वकीलबाई हजर होत्या. टाकी धुणाऱ्यांची ती हकिकत त्यानं पुन्हा सांगितली, या वेळी मी माझ्या हातानं लिहून घेतली. गच्चीचं दार उघडून त्यातला एकजण आत उतरला होता, बनावट किल्लीनं कपाट उघडलं होतं. पंधरा दिवसांत तो कर्जतला सापडला. पाटल्या, कुड्या मिळाल्या. मोहनमाळही मिळाली, अख्खी, एक मणी कमी नाही. या माणसाने हे सगळं पहिल्याच तासात सांगितलं होतं. आमच्या डायरीत त्याचं नाव लिहिलं असतं तर त्याचं बोलणंही लिहिलं गेलं असतं. आरोपीच्या हक्कांमुळे तपासात अडथळा येतो, असं आम्ही सर्रास म्हणतो. त्या केसमध्ये तपासाला अडथळा झाला तो फक्त माझा.

वकीलबाईंनी पुढं उच्च न्यायालयात रिट याचिका केली. शासनाला भरपाई द्यावी लागली, माझी खात्यांतर्गत चौकशी झाली, वेतनवाढ थांबली. मी बचाव केला नाही. वरिष्ठ म्हणाले, कोर्टात 'सोमवारी' म्हणायची गरज काय होती तुला? त्यांना मी काय सांगणार? उरलेल्या चार वर्षांत माझ्या ठाण्यात पाय टाकणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद वेळेसकट डायरीत व्हायची. त्यावरून माझे लोक माझी टिंगल करायचे, साहेबांना घटनेचा ताप आलाय म्हणायचे. करू दे.

पण मला जे सांगायचं होतं ते अजून सांगितलेलं नाही. जबाब घेऊन झाला त्या दिवशी त्याच्या बायकोनं मला चहा दिला. मला तो नको होता, पण त्या घरात नाही म्हणायची माझी लायकी नव्हती. वकीलबाई आणि तो अंगणात कागदांवर सह्या करत होते. बाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

मी म्हणालो, "ताई, मंगळवारी सोडलं असतं तर बापलेकांची भेट झाली असती. माझ्या हातून फार वाईट झालं."

"भेट न्हाई झाली त्याचं येक दुक हाय," ती म्हणाली. "पर दुसरं बी हाय. ह्यांना म्या अजून सांगितलं न्हाई, तुमी बी सांगू नगा."

"काय?"

"आबा सारखं इचारायचं, पोरगं कुटं हाय. तुमी सांगितलं व्हतं ना, अटक न्हाई, मोकळंच हाय म्हनून? म्या तेच सांगितलं. म्हटलं म्हाताऱ्याच्या जिवाला घोर नगो. तर आबा म्हनले, मोकळं हाय तर येत का न्हाई? मंगळवारी रातभर त्येच. मोकळं हाय तर येत का न्हाई? पाटं पाटं गप झालं. भितीकडं तोंड केलं. म्या तोंडाजवळ पानी नेलं तर म्हनले, ऱ्हाऊ दे, त्याला न्हाई यायचं."

बाहेर वकीलबाई त्याला कागद वाचून दाखवत होत्या आणि तो मान डोलवत होता. मी चहा संपवला. निघताना तो जीपपर्यंत सोडायला आला. "सायेब, येक इचारू? आबांनी माजं नाव घेतलं असंल का हो शेवटी?"

"घेतलं," मी म्हणालो. "तुझ्या बायकोनं सांगितलं मला."